आतला स्पीकर

व्हायोलिनं वाजत होती, बासरी वाजत होती, ठेकाही बरोबर पडत होता. फक्त गाणारी बाई गायब होती.

लेकीने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. एक टोक काडेपेटीएवढ्या नव्या प्लेअरमध्ये, दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीत. पुन्हा तेच. सगळा वाद्यमेळ हजर आणि बाईचा पत्ता नाही.

"असू दे गं," खुर्चीतून बाबा म्हणाले. "वाजतंय ना."

पण तिला ते असू द्यायचं नव्हतं. वर्षभरापूर्वी बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई गेली. तशी सुई कुठे मिळेना, आणि तेव्हापासून बाबा गप्प गप्प होत चालले होते. फोनवर "बरं आहे" याच्यापुढे गाडी जात नव्हती. म्हणून तिने त्यांची दोनशे गाणी शोधून शोधून या प्लेअरमध्ये भरली होती. उद्या सकाळी तिला परत जायचं होतं. त्याच्या आत हे घर पुन्हा गातं झालं पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

शेवटी तिने कोपऱ्यावरच्या रेडिओ मेकॅनिकला बोलावलं.

"ही नवी सून आणि ही जुनी सासू, ताई. जुळायला वेळ लागतोच," असं म्हणत त्याने वायर तपासली. वायर ठणठणीत होती. मग तो आतल्या खोलीत गेला. जोडीतला डावा स्पीकर तिथे कपाटावर होता. बाहेरची गाणी आत नीट ऐकू येत नाहीत अशी आईची तक्रार असायची, म्हणून बाबांनी फार पूर्वी तो तिच्यासाठी आत नेऊन ठेवला होता. मेकॅनिकने त्याला कान लावला. चिडीचूप.

"त्या काळी रेकॉर्डिंग करताना कधी कधी गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला भरायचे," तो म्हणाला. "तुमची बाई आत अडकलीय." बाहेर येऊन त्याने ॲम्प्लिफायरची बटणं न्याहाळली आणि हसला. "काखेत कळसा नि गावाला वळसा. डाव्या-उजव्या आवाजाचं हे बटण कोणीतरी पार उजवीकडे फिरवून ठेवलंय. आतला आवाजच बंद."

लेकीने हात पुढे केला.

"हात लावू नकोस त्याला."

बाबांचा आवाज इतका चढलेला तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मेकॅनिक खाली मान घालून आपली हत्यारं पिशवीत भरू लागला.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी झोपच लागायची नाही," बाबा म्हणाले. "लागली तर दुपारी तासभर. आणि मला गाण्याशिवाय करमायचं नाही. तीच म्हणाली, तुम्ही ऐका, माझ्याकडचं तेवढं बंद करा. मी बटण फिरवलं."

"बाबा, सहा वर्षं झाली त्याला."

"माहीत आहे. परत फिरवलं असतं, तर आत कोणी झोपलेलं नाही हे मान्य करावं लागलं असतं."

म्हणजे सुई जाईपर्यंतची पाच वर्षं त्यांनी ही गाणी अशीच, बाईवाचून ऐकली होती. लेक खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला.

"आईची झोप झाली असेल आता," ती म्हणाली.

व्हायोलिनं अजून वाजतच होती. मग बाबा उठले, ॲम्प्लिफायरपाशी गेले आणि त्यांनी बटण हळूहळू मधोमध आणलं.

आतल्या खोलीतून बाई गाऊ लागली.