काचेला मनाई

"काच चालणार नाही, मॅडम," पहारेकरी म्हणाला.

लोरेटा प्रुइटने फोटोची चौकट छातीशी घट्ट धरली. अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या विधानभवनाच्या दारात दोन रांगा असतात. लोरेटाची रांग पार पायऱ्यांपर्यंत गेली होती. पट्टा काढा, खिसे रिकामे करा, पर्स उलटी करा. शेजारची रांग नावापुरतीच. पिस्तुलाचं लायसन दाखवायचं आणि सरळ आत जायचं, पिस्तूल कमरेला असलं तरी. लायसनवाला माणूस भरवशाचा असतो, असं याच भवनात बसणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"अहो, फोटो आहे. माझ्या मुलीचा. रायफलींना आळा घालायच्या कायद्यावर सुनावणी आहे ना आज, तिथे बोलायचंय मला."

"मग फोटो न्या की. काच काढा." त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. काच, काठी, विणकामाच्या सुया आत नेण्यास मनाई. "फुटली आणि कुणाला लागली म्हणजे? लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, मॅडम."

हे बोलताना त्याच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही.

काचेखाली टेसा होती. आठ वर्षांची, शाळेच्या फोटोसाठी केस चापूनचोपून बसवलेली. तिला तो फोटो मुळीच आवडला नव्हता. म्हणून तिने आईचं लाल नेलपॉलिश पळवलं, काचेवर स्वतःला मांजरीच्या मिशा काढल्या आणि नाकावर एक ठिपका दिला. लोरेटा तेव्हा चांगलीच ओरडली होती. त्याच आठवड्यात एक अठरा वर्षांचा पोरगा रायफल घेऊन टेसाच्या शाळेत शिरला. रायफल त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली होती. त्याने बिअर मागितली असती तर लहान आहेस म्हणून त्याला हाकलून दिलं असतं. रायफलीला मात्र तो मोठा होता.

नंतर वर्तमानपत्रांनी शाळेकडून फोटो मिळवला आणि तो देशभर छापून आला. मिशा नसलेला. ती चापूनचोपून बसवलेली मुलगी लोरेटाला परकी वाटायची. तिची टेसा ही होती, काचेवरची. ही एकदा सुनावणी घेणाऱ्या समितीतल्या माणसांच्या डोळ्यांसमोर उभी करायची आणि मग त्यांनी खुशाल हात वर करून मत द्यावं, एवढंच तिला हवं होतं.

"अरेरे, ताई! तुम्हाला अडवलं होय?"

शेजारच्या रांगेतून गॅरेट हॉलोवे येत होता. बंदूकवाल्यांच्या संघटनेचा माणूस. कमरेला पिस्तूल, हातात कॉफी, गळ्यात क्रूस. आज तो कायद्याच्या विरोधात बोलणार होता. टीव्हीवरच्या एका वादात दोघं समोरासमोर बसले होते, तेव्हापासून तो तिला ताई म्हणायचा.

"द्या इकडे," तो म्हणाला. "माझी बॅग कुणी उघडत नाही. आत गेलो की तुमच्या हातात देतो." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "खरं सांगू का? तुम्हीही लायसन काढून टाका. एका दुपारचं काम आहे. मग ही कटकटच नाही बघा."

तो मनापासून बोलत होता. लोरेटाला किळस आली ती त्या मनापासून बोलण्याचीच.

तरी तिचे हात पुढे झाले. मिशांसाठी झाले. चौकट घ्यायला त्याने कॉफी डाव्या हातात घेतली, उजवा हात लांबवला, तसं त्याचं जाकीट वर सरकलं आणि पिस्तुलाची मूठ तिच्या पोटाशी आली. लोरेटाने चौकट मागे ओढली.

"राहू दे. तुम्हा लोकांच्या भरवशावर एकदा सोडली होती तिला."

हॉलोवेचा चेहरा पडला. या माणसांच्या भावना भारी नाजूक असतात. "देव तुमचं भलं करो," एवढं म्हणून तो आत निघून गेला.

मागचे लोक कुरकुरायला लागले. पहारेकऱ्याने तिच्याकडून चौकट घेतली, मागच्या पिना अंगठ्याने सरळ केल्या, काच अलगद काढली आणि बाकीचं तिला परत दिलं.

"बघा, फोटोला ओरखडासुद्धा नाही. काच जाताना घेऊन जा."

त्याने ती प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवली. तिथे कुणा म्हातारीच्या विणकामाच्या सुया पडलेल्या होत्या. त्या सुयांवर टेसाच्या लाल मिशा टेकल्या. खाली तोंड नव्हतं.

सुनावणीच्या खोलीत समितीतला एक जण डोनट खात होता, एक जण फोनमध्ये डोकं घालून बसला होता. पहिल्या ओळीत हॉलोवे आणि त्याची माणसं, सगळी लायसनवाली, भरवशाची. लोरेटाचं नाव पुकारलं गेलं. तिने फोटो माईकला टेकवून उभा केला. आता तो अगदी वर्तमानपत्रातल्यासारखाच दिसत होता.

"ही टेसा," ती म्हणाली. "म्हणजे ही नाही. तिने काचेवर..."

तिने फोटोतल्या कोऱ्या गालांवर बोट ठेवलं. अध्यक्षांनी चष्मा लावला, पुढे वाकून फोटो पाहिला आणि मान हलवली.

"गोड मुलगी. पण हा फोटो आम्ही पाहिलाय, बाई. सगळ्यांनीच पाहिलाय. नवीन काही दाखवायचं असेल तर दाखवा."