राजाची दूधआई

गावच्या भट्टीत पहिला पाव रोत्रूदचा. बत्तीस वर्षांचा रिवाज होता तो, कारण राजा तिच्या दुधावर वाढलेला. त्या दिवशी मात्र तिनं कणकेचा गोळा पुढे केला आणि भट्टीवाल्या बोसोनं लाकडी फावडं आडवं धरलं.

"आजी, जरा थांबा. आधी गिस्लाआजीचा."

"का रे बाबा? मी मेले की काय?"

"तुम्ही नाही, तुमचा राजा मेला. त्याचा पोरगाही शिकारीत पडून गेला. वंशच बुडाला. काल न्वायों शहरात ड्यूकसाहेबांना राजा म्हणून अभिषेक झाला. त्यांना पाजलं गिस्लाआजीनं. मग पहिला पाव कुणाचा, तुम्हीच सांगा!"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. रोत्रूदच्या अंगाचा तिळपापड झाला. गिस्ला! जिला चार माणसांत धड बोलता येत नाही, ती शेजारची गिस्ला! आपण पाजलेलं पोर गेल्याचं दुःख होतंच. पण पाव गेल्याचं जास्त झोंबलं. तिची तिलाच लाज वाटली, तरी झोंबलं.

आणि खरं दुखणं तर निराळंच होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ड्यूकचा माणूस तान्ह्या बाळासाठी दाई शोधत आला, तो आधी रोत्रूदच्याच दारात. पण राणीलाही तेव्हा दिवस गेले होते आणि रोत्रूदचा डोळा राजवाड्यावर. "ड्यूकचं पोर ड्यूकच राहणार," असं म्हणून तिनंच त्याला शेजारचं दार दाखवलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय!

"दुधादुधात फरक असतो बायांनो," सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली. "माझ्या दुधानं बत्तीस वर्षं राज्य केलं. हिचं किती दिवस टिकतंय ते बघू!"

रांगेतून गिस्ला पुढे आली. रोत्रूदचा हात धरून तिनं तिला भट्टीमागे, सरपणाच्या ढिगाआड नेलं.

"रोत्रूद, तूच काहीतरी वाट दाखव गं. रविवारी पाद्रीबाबा मला संतांच्या हाडांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणार. नवा राजा माझ्या दुधावर वाढला म्हणून. खोटी शपथ कशी घेऊ? नरकात जाईन मी."

"खोटी?"

"माझं दूध महिन्याभरातच आटलं. सांगितलं असतं तर बाळ घेऊन गेले असते, आणि घरात माझी दोन पोरं उपाशी. मग कुणाला कळू दिलं नाही. शेळीचं पाजलं."

भिंतीपलीकडे अख्खा गाव उभा होता. एक हाक मारायची, की गिस्लाचा पाव मागे आणि रोत्रूदचा पुढे. रोत्रूदनं हाक मारायला तोंड उघडलंसुद्धा. मग तिला काहीतरी आठवलं.

"पण मेले, शेळी कुठली? तुझ्या दारात तेव्हा कोंबडीसुद्धा नव्हती."

"तुझीच की! ती तांबडी. राजवाड्यात जाताना माझ्याकडे बांधून गेली नव्हतीस का?"

रोत्रूदनं उघडलेलं तोंड मिटलं. आता गावाला सांगायचं तरी काय? राजाची दूधआई गिस्ला नाही, माझी शेळी? बोसो मेला लगेच म्हणेल, मग पहिला पाव शेळीला!

"रडू नकोस," ती अखेर म्हणाली. "शपथ घेताना एवढंच म्हण, राजा माझ्या घरच्या दुधावर वाढला. घर तुझंच होतं ना? झालं तर मग. आणि शेळीचं नाव काढलंस, तर जीभ हासडीन."

त्या दिवशी गिस्लाचा पाव आधी भाजला, रोत्रूदचा मागून. तो घेऊन ती घरी आली. कुंपणाशी शेळी बांधलेली होती. तांबडीच. राजाचा वंश बुडाला, पण त्या तांबडीचा अजून चालू होता.

शेळीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय अशी?" रोत्रूद फणकारली आणि पाल्याची पेंढी तिच्यापुढे आदळली. "फार शेफारू नकोस."