मागच्या सीटवरून

"मूठ हळू पिळा, साहेब. नुसता हात लावला तरी पळते," सेल्समन म्हणाला. "आणि आवाज म्हणाल तर शून्य!"

टेलर मास्तरांना एवढं सांगायची गरजच नव्हती. दुकानात कपडे बेततानासुद्धा सहा महिने या इलेक्ट्रिक बाइकचे फोटो बघण्याच्या नादात त्यांनी दोन पँटी आखूड केल्या होत्या. बायको मागे बसली. सीट कसली, टाचण्यांची उशीच ती.

गाडी निघाली आणि मास्तरांचं वय निम्म्यावर आलं. "अगं, पिकअप बघ! मूठ सोडली की आपोआप वेग कमी होतो, बघ!" डांबरी रस्त्यासाठीच बनवलेली गाडी ती, ना घरघर, ना हादरे, ना धूर. कोपऱ्यावरचं कुत्रं त्यांच्या जुन्या फटफटीवर रोज न चुकता धावून यायचं. आज त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

बायको सवयीने बोलायला लागली. सवय एकोणीस वर्षांची. घरात सासूबाईंचे कान तिखट, दुकानात सतत गिऱ्हाइकं. मनातलं बोलायला तिला एकच हक्काची जागा होती, फटफटीची मागची सीट. तिथे बसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. नणंद, मास्तरांचं घोरणं, स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः शिवलेला तो भयंकर कोट. इंजिन तडतडत असायचं, पुढून मधूनमधून "हं" यायचं, आणि घर येईपर्यंत तिचं डोकं हलकं झालेलं असायचं.

"तुमच्या ताई परवा येऊन गेल्या," ती म्हणाली. "पंख्यापासून पडद्यांपर्यंत सगळ्याला नावं ठेवून गेल्या."

"पडद्यांना काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

एकोणीस वर्षांत पुढून कधी प्रश्न आला नव्हता. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि तिथून परत शोरूमपर्यंत ती मूग गिळून बसली.

"कशी वाटली राइड?" सेल्समन फॉर्म घेऊन पुढे आला.

"नको आम्हाला," ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते तिला बाजूला घेऊन गेले. "का गं? खोट काय आहे हिच्यात?"

"सीट टोचते."

"खरं सांग."

"तुम्हाला ऐकू येतं हिच्यावर," ती शेवटी म्हणाली. "मग मी बोलायचं कुठे?"

मास्तरांनी हेल्मेट काढून कान खाजवला. "ऐकू तर फटफटीवरही येतं."

"सगळं?"

"सगळं. ताईचं, घोरण्याचं. कोटाचंसुद्धा."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"मी बोललो असतो, तर तू बोलली असतीस?"

तिला लाजही वाटली आणि रागही आला. या माणसाने एवढं सगळं नुसतं हं हं करत पोटात घातलं, याचं नवलही वाटलं.

"घरी जातानाचा नदीवरचा पूल तेवढा सोडून हं," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "तिथे इंजिन इतकं घुमतं की तुझं एक अक्षर कधी कळलं नाही. पण तिथे तरी वेगळं काय असणार!"

पुलावर वेगळंच असायचं. तिथे पोचेपर्यंत तक्रारी संपायच्या, खाली नदी दिसली की मन निवायचं, आणि मग ती नवऱ्याचं कौतुक करायची. तुमच्या हातात जादू आहे. सासूबाईंसमोर माझी बाजू घेता तेव्हा फार बरं वाटतं. तुम्ही नसलात की मला करमत नाही. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, डोक्यावर चढून बसले असते. म्हणजे तक्रारी तेवढ्या एकूण एक पोचल्या होत्या, आणि कौतुक सगळं इंजिनाने खाल्लं होतं.

तिने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. "अजून एक चक्कर मारायचीय. पुलावरून."

"मॅडम, राइड टाकीपर्यंतच असते," सेल्समन गोंधळून म्हणाला. "पुलावर काय बघायचंय? पिकअप?"

"बघायचं काही नाही," मास्तरांच्या मागे चढून बसत ती म्हणाली. "ऐकवायचंय."