आमेनच्या आधी

मावशी बोलायची थांबली. पण आमेन म्हणाली नाही.

उमेदवाराने एक डोळा किलकिला केला. सभागृहातली साडेतीनशे माणसं उभी होती. माना खाली, डोळे मिटलेले, हात बांधलेले. दुपारचे चार वाजले होते. प्रार्थना दोन मिनिटांची ठरली होती, मग त्याचं भाषण. मतदान तीन दिवसांवर आलं होतं.

प्रार्थना पक्षाच्या चिटणीसांनी कालच टाइप करून दिली होती. ‘हे प्रभू, आमचा पक्ष तुझ्याच शिकवणुकीवर उभा आहे. आमच्या विरोधकांचे मनसुबे धुळीला मिळव.’ एवढं वाचायचं, आमेन म्हणायचं आणि बसायचं. खरं तर हे काम चर्चच्या पाळकांचं, पण त्यांनी अंग काढून घेतलं. मग मावशीचं नाव निघालं. छत्तीस वर्षं सुईणीचं काम केलेली बाई. गावातले निम्मे मतदार तिच्या हातावर जन्मलेले. शिवाय उमेदवार तिचा सख्खा भाचा. आई गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं होतं.

मावशीने कागद हातात धरला खरा. त्यातलं एक अक्षर वाचलं नाही.

“हे प्रभू,” ती म्हणाली होती, “आमच्या विरोधात उभे असलेल्या हेडमास्तरांचं भलं कर. त्यांच्या लेकीला सांभाळ. आठ दिवस पोर घराबाहेर पडलेली नाही. तिने लग्नाआधी मूल टाकलं, असं पत्रक घरोघर गेलंय. खात्री हवी तर सुईणीला विचारा, असंही त्यात लिहिलंय. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. ते धादांत खोटं आहे. ज्याने ते लिहिलं, तो इथेच आहे. त्याला तोंड उघडायचं बळ दे. तो बोलेपर्यंत आम्ही असेच उभे राहू.”

आणि ती थांबली होती.

पत्रक भाच्यानेच लिहिलं होतं. घरच्या घरी, एका बैठकीत. पत्रकावर ना पक्षाचं नाव, ना छापखान्याचं. ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. सुईणीची ती ओळ सुचली तेव्हा तर त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. मावशी पोटातलं ओठांवर आणत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ती हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. ती गप्प राहिली की लोक काय ते समजतील.

एक मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं. एका म्हाताऱ्याचे गुडघे दुखू लागले असावेत, त्याने पुढच्या खुर्चीचा आधार घेतला. पण बसला नाही. आमेन झाल्याशिवाय बसायचं नाही, हे सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं.

चिटणीसांनी माइकवाल्याला खूण केली. माइक बंद झाला. मावशीने तो बाजूला सारला. कळा देणाऱ्या बायकांना छत्तीस वर्षं ‘जोर लाव’ म्हणून ओरडलेल्या बाईला माइक कशाला लागतो?

“आम्ही वाट बघतोय, प्रभू,” ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

भाचा तिच्या कानाशी वाकला. “मावशी, पाया पडतो तुझ्या. आमेन म्हण.”

“म्हणेन की. कळा सुरू झाल्यात, मूल बाहेर येऊ दे.”

“अगं, चर्चमधलं चर्चमध्ये! राजकारण असं होत नसतं.”

“मग देवाला इथे कशाला बोलावलंत?” तिने डोळे उघडले नाहीत. आवाजही खाली आणला नाही. “फलकावर त्याचं वचन, भाषणाआधी त्याचं नाव. तुम्हीच त्याला व्यासपीठावर चढवलंत. आता तो आलाय, तर त्याला बोलू दे.”

भाच्याने मान वर केली. म्हातारी अंधारात तीर मारतेय, त्याने स्वतःला समजावलं. तिला माहीत असणं शक्यच नाही. त्याने माइकवाल्याकडे बघून बोट वर केलं. माइक सुरू झाला. महिनाभर गल्लोगल्ली वापरलेला तो भरदार, आपुलकीचा आवाज त्याने लावला.

“आमेन!”

तो थांबला. आता साडेतीनशे गळ्यांतून प्रतिसाद यायला हवा होता. चिटणीस एकटेच ‘आ’ म्हणाले आणि उरलेला शब्द त्यांनी गिळून टाकला. फलक चिकटवणाऱ्या एका कार्यकर्त्याने तोंड उघडलं, शेजारणीकडे पाहिलं आणि मिटलं. बाकी कुणी हललंसुद्धा नाही. माना खालीच.

“आमेन,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज चिरकला.

“प्रार्थना संपलेली नाही अजून.”

आवाज पहिल्या रांगेतून आला. त्याच्या बायकोचा. ती इतरांसारखीच डोळे मिटून उभी होती.

“पत्रक ह्यांनी लिहिलं,” ती म्हणाली. “शेजारी बसून मी भाजी निवडत होते. सगळं वाचलं आणि आठ दिवस गप्प बसले. कालच मावशींना सांगितलं. मावशी, क्षमा मागताना माझंही नाव घ्या.”