ठिपका नसलेली रॅम

लाल ठिपका नव्हता.

तिनं लॅपटॉपचं खालचं झाकण बाजूला ठेवलं, तो खिडकीच्या उजेडात नेला आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्या खाचेतली रॅम अगदी कोरी. परवा दुकानात तिच्यासाठी काढलेल्या रॅमच्या कोपऱ्यावर तिनंच नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. दुकानदार काका एसएसडी आणायला आत वळले, तेवढ्यात. सेकंडहँड मालात अदलाबदल करतात, असं तिनं दहा ठिकाणी वाचलं होतं.

"अगं, चालतोय ना? मग झालं तर," नवरा म्हणाला.

"आज चालतोय."

सोमवारपासून तिची आठवडाभर चाचणी होती. घरी बसून मुलाखतींची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि टाइप करून पाठवायची. लेक झाल्यावर दोन वर्षांनी कुणीतरी तिला काम देऊ केलं होतं. मध्येच लॅपटॉपनं मान टाकली, तर ते गेलंच म्हणायचं. नवा परवडणार नव्हता. म्हणून तर तिनं कंपनीतून निघालेला हा काळा, जाडजूड लॅपटॉप घेतला होता आणि त्याची रॅम वाढवून घेतली होती. "पडला तर फरशी जपा," असं काका म्हणाले होते. तेव्हा ती हसली होती. आता त्याच हसण्याचा तिला राग आला.

तिनं लेकीला कडेवर घेतलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि तरातरा निघाली.

दुकानात काका त्यांच्या लॅपटॉपसमोर बसले होते. काकू शेजारच्या मशीनवर झेरॉक्स काढत होत्या. वाटेत जुळवलेली वाक्यं तिच्या तोंडून एकदमच सांडली. "काका, माझी रॅम बदललीत तुम्ही. मी खूण केली होती तिच्यावर."

"हो, बदलली," काका म्हणाले.

तिनं सगळी तयारी 'नाही'ची केली होती.

काकांनी खण ओढून एक पुडी काढली. आत तिची रॅम होती, ठिपक्यासकट. पुडीवर पट्टी चिकटवलेली: 'खराब. विकू नये.'

"जुनी रॅम बसवली की मी ती पाच-सहा तास तपासणीला लावतो. हिनं तीन फेऱ्या शहाण्यासारख्या काढल्या आणि चौथीत चुका दाखवल्या. अशी रॅम चार दिवस गोड वागते, आणि नेमकं काम रंगात आलं की मशीन बंद पाडते."

"मग मला कळवायचं तरी!"

"दोन दिवसांत सात फोन केलेत ताई तुम्ही. आठवा करायला लावू?"

काकू फिसकन हसल्या. तिलाही हसू आलंच, पण शंका काही पाठ सोडेना. "मग ही कुठून आली? अशी एकच शिल्लक आहे म्हणाला होतात. पुढचा माल पंधरा दिवसांनी येणार होता."

"होती एक. खात्रीची आहे." काकांनी नजर वळवली. "थांबा, वॉरंटीच्या कागदावर नवा नंबर घालून देतो."

त्यांनी आपल्या लॅपटॉपवर टिचकी मारली. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. लेक बोट दाखवून "गोऽल" म्हणाली. काकांनी हाताची घडी घातली.

"घ्या! बसा आता चक्र बघत," काकू म्हणाल्या. "परवापर्यंत कसं फटाफट चालायचं तुमचं!"

"अगं, येईल की माल पंधरा दिवसांत."

काकूंचा हात झेरॉक्सवरच थांबला. काका उगाचच पडद्याची धूळ पुसू लागले. ती टेबलाकडे बघत राहिली. त्यांचाही लॅपटॉप तसाच काळा होता, तसाच जाड.

तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. काल घरी आणल्यापासून तिनं त्याला नवऱ्यालाही हात लावू दिला नव्हता. तिनं तो उघडला, चालू केला आणि टेबलावरून काकांच्या पुढ्यात सरकवला.

"यावर करा काका. रॅम तुमचीच आहे."