एकतिसावा खांब

इप्सविचमधलं नोलीनचं लाकडी घर एकतीस खांबांवर उभं होतं आणि सगळे खांब वाळवीनं पोखरले होते. अडुसष्टाव्या वर्षी तिनं ते स्वतःच बदलायला घेतले. गाडी उचलतात तसला जॅक लावून तुळई जराशी उचलायची, कुजका खांब काढायचा, लोखंडी बसवायचा, पाणसळ लावून सपाटी बघायची. तीस झाले. शेवटचा नेमका झोपायच्या खोलीखाली होता.

शेजारचा क्लॅरी ओणवा होऊन घराखाली डोकावला. "अगं बाई, घर अंगावर बसलं तर चटणी होईल तुझी!"

"तीस वेळा नाही बसलं, आता कसलं बसतंय?" जॅकचा दांडा सरळ करत नोलीन म्हणाली.

"मग निदान वॉलीला तरी बाहेर आणतो."

वॉली तिचा नवरा. त्यानं वरून पलंगावरूनच ओरडून उत्तर दिलं, "मी कुठंही येत नाही, क्लॅरी! माझे पाय गेल्यापासून सहा वर्षं ही मला रोज उचलून आंघोळीला नेतेय. घर निदान माझ्यासारखं शिव्या तरी देत नाही. तू उचल गं, नोलीन!"

नोलीननं दांडा दाबला. घर करकरलं आणि वॉलीसकट अर्धा इंच वर आलं.