जिथं ऊन पोचत नाही

जीप दुकानासमोर येऊन लागली, तरी शिवांजली चंद्र समजावून सांगतच होती. जितकं लांबेल तितकं तिला हवं होतं. जीपवाला सटवाही पायरीवर बसून ऐकत होता आणि तो बसला होता तोवर वहिनीला घेऊन जीप कुठं जाणार नव्हती.

“म्हंजे फोटो काढीत न्हाई ते?” मेंढरांसाठी खडेमीठ घ्यायला आलेल्या बंकटनं विचारलं.

“फोटोला उजेड लागतो, मामा. हे रडार चंद्राभोवती फिरतं आणि खाली लहरी सोडतं. लहर आपटून माघारी येते. ती कशी आली त्यावरून आम्ही नकाशा करतो. कुठं खड्डा, कुठं दगड, कुठं बर्फ असेल. ज्या खड्ड्यांत कधीच ऊन पोचलं नाही, तिथलंही कळतं.”

गल्ल्यावर मन्मथअप्पा फुलून बसले होते. दिवाळीत चंद्राकडं गेलेल्या यानाच्या रडारवर काम करणारी सबंध दिंद्रुडात त्यांचीच लेक. पेपरातलं तिचं कात्रण त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं होतं, गिऱ्हाइकाकडं तोंड करून. साखर मागितली तरी आधी चंद्र घ्यावा लागे. त्यात अप्पांचा तोटा नव्हता. चंद्र ऐकत थांबलेलं गिऱ्हाईक साखरेबरोबर साबणही नेई. तीन पोरींतली ही धाकटी, हिच्या पाठीवर राजेश्वर. पण हल्ली गावात अप्पांना पोराच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं.

“असं म्हना की,” बंकट म्हणाला, “बाईचं पोट तपासत्यात त्या मशीनीची थोरली बहीण.”

सटवा हसला. बाकी कुणी हसलं नाही. अप्पांनी मिठाच्या पिशवीला जरा जास्तच जोरात गाठ मारली.

जीप मोहिनीसाठी होती. राजेश्वरची बायको, चौथ्या महिन्यातली. पहिली मुलगी. काल तालुक्याला नेऊन तिचं पोट तपासून आणलं होतं. डॉक्टर कायद्याला भिणारा. मुलगा-मुलगी हा शब्द त्यानं तोंडातून काढला नाही. “घरी जाताना जिलेबी न्या,” एवढंच म्हणाला. मुलगा असता तर पेढे न्यायला सांगितलं असतं, हे तिथं गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक. आज पोट खाली करून आणायचं ठरलं होतं. मोहिनीला मूल हवं होतं. सकाळी अंघोळीचं पाणी काढताना तिनं नणंदेचा हात धरून तेवढंच सांगितलं होतं.

मीठ खांद्यावर टाकून बंकट गेला. चंद्र ऐकायला आता कुणी उरलं नाही. गंगासागरबाईंनी सुनेला पुढं घालून बाहेर आणलं. राजेश्वर कुणाकडं न बघता जीपमध्ये जाऊन बसला. मोहिनी उंबऱ्याशी थांबली आणि शिवांजलीकडं बघू लागली.

“अप्पा, वहिनीला पाठवू नका.”

“शिवू, घरातलं घरात बोलावं. दुकानात न्हाई.”

“मग कात्रण दुकानात कशाला ठेवलंय? मी पण मुलगीच ना? तीन नंबरची. माझ्यामुळं काय कमी पडलं तुम्हाला? हीसुद्धा होईल तशी. जगू तर द्या तिला.”

अप्पांनी तिला पुरतं बोलू दिलं. रागावले नाहीत. गिऱ्हाइकाला तिच्याबद्दल सांगताना चेहरा जसा मऊ होई, तसाच आताही झाला होता. त्यांनी सटवाला हातानं निघायची खूण केली. मोहिनी जीपमध्ये चढली. गंगासागरबाई तिच्या शेजारी बसल्या. जीप वडवणीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

मग अप्पा गल्ल्यावरून उठले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले,

“तू पोटात होतीस तवा बीडला मशीन कुठं आलतं, माय?”